आहे काय आणि हवं काय : कार्डांच्या यादीची गोष्ट
(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या सुट्टीतील व्याख्यानमालेतील एक भाषण)



विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या खुर्च्यांवर जरा चुळबुळ झाली. मुलांच्या कार्डांवर कसलं भाषण? पण तुमच्यापैकी कोणी काडेपेटीचे छाप जमवले असतील, कोणी पोस्टाची तिकिटं, आणि माझ्या वयाच्या लोकांनी कुस्तीवाल्यांची ट्रम्प कार्डं. आता नातवंडं पोकेमॉन जमवतात. फरक इतकाच, की छाप रस्त्यात फुकट सापडायचा. हे पाकीट विकत घ्यावं लागतं, आणि आत कोणतं कार्ड निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आधी थोडं गणित. समजा संच १०० कार्डांचा आहे, सगळी कार्डं सारख्याच संख्येनं छापलीत आणि आपण एकेक न बघता घेतोय. पहिली ५० वेगवेगळी कार्डं जमायला सरासरी ६९ घ्यावी लागतात. मुलगा खूश, बाबाही खूश. पूर्ण १०० जमायला मात्र सरासरी ५१९! त्यातली सुमारे २९३ नुसती शेवटच्या दहांसाठी, आणि अगदी शेवटच्या एकट्या कार्डासाठी १००. प्रत्यक्षात दुर्मिळ कार्डं कमीच छापतात, त्यामुळे हिशेब याहून वाईट. (१९९३ साली बाजारात आलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ तयार करणारे रिचर्ड गारफील्ड गणितातले डॉक्टरेट आहेत, हे जाता जाता सांगतो.)

म्हणजे एका टप्प्यानंतर पाकिटं फोडणं बंद करून हवं तेच कार्ड सुटं घ्यायचं, नाहीतर अदलाबदल करायची. तो टप्पा आलाय हे कळायला आपल्याकडे काय आहे ते माहीत हवं. वाण्याकडे जाण्याआधी आपण डबे उघडून बघतो ना, तसंच. घरात दोन किलो साखर असताना आणखी दोन किलो कोणी आणत नाही. कार्डांच्या बाबतीत मात्र सर्रास आणतात.

हे डबे बघण्याचं काम सॉफ्टवेअर करतं. पोकेमॉन कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात क्रमांक असतो. १९९९ च्या इंग्रजी बेस सेटमधल्या चॅरिझार्डवर ४/१०२ आहे; म्हणजे १०२ च्या संचातलं चौथं. शेजारी गोल असेल तर साधं, चौकट असेल तर जरा कमी मिळणारं, तारा असेल तर दुर्मिळ. पण नुसत्या क्रमांकावर विसंबू नका. ‘टीम रॉकेट’ संचात ८२ कार्डं लिहिलीत आणि डार्क रायचूवर चक्क ८३/८२! शिवाय एकच चित्र चकचकीत आणि साधं अशा दोन रूपांत येऊ शकतं, वेगळ्या भाषेत येऊ शकतं. ॲपमध्ये संचांची पूर्ण यादी आधीच भरलेली असते, म्हणून असली गफलत टळते.

‘मॅजिक’वाल्यांसाठी मॅनाबॉक्स आहे : मोबाईलचा कॅमेरा कार्डावर धरला की ते ओळखून नोंदवतं. डेकबॉक्समध्ये तीन याद्या असतात : माझ्याकडे आहेत त्या, द्यायला तयार आहे त्या, हव्या आहेत त्या. मला ही मांडणी सगळ्यात आवडते, कारण मुलांचं अर्धं भांडण दुसऱ्या यादीवरून होतं. युरोपात कार्डमार्केट नावाच्या बाजारात हव्या असलेल्या कार्डांची यादी दिली, की कोणाकोणाकडून घेतल्यास टपालखर्च धरून स्वस्त पडेल ते तो बाजारच जुळवून देतो. एकेक कार्ड दहा जणांकडून मागवलं तर कार्डापेक्षा टपाल महाग, हे लक्षात घ्या.

काहीच नको असेल तर साधी एक्सेलची शीट पुरते. संच, क्रमांक, किती, अवस्था कशी, आणि कोणत्या फाइलमध्ये ठेवलंय. हा शेवटचा रकाना विसरू नका. आईला विचारावं लागत नाही.

आता पालकांसाठी. बरीच ॲप संग्रहाची एकूण किंमत दाखवतात, तीही डॉलरमध्ये किंवा युरोत. तो आकडा मुलांना रोज बघू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो भाव परदेशातल्या बाजाराचा. कोपरा दुमडलेल्या, डब्यात घासलेल्या कार्डाला तो मिळत नाही. आणि मुलगा खेळायचं सोडून शेअर बाजार बघितल्यासारखा वरखाली बघत बसतो. एका ठिकाणी मात्र भाव बघावाच. दुसरीतल्या पोराचं चकचकीत कार्ड सहावीतला दादा दोन साध्या कार्डांवर घेऊन जातो, तेव्हा. सौदा होण्याआधी दोघांनी मिळून भाव बघायचा, आणि फरक फार असेल तर घरच्यांना विचारायचं. आपल्या जिन्यात याच कारणावरून दोन घरांचं बोलणं बंद पडलेलं मी पाहिलंय. कार्डं मुलांची, अबोला मोठ्यांचा!

आणखी एक. ॲप बंद पडू शकतं, फोन हरवू शकतो. बहुतेक ठिकाणी यादी सीएसव्ही फाइल म्हणून बाहेर काढता येते. महिन्यातून एकदा ती काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.

येत्या रविवारी पाच वाजता गच्चीवर अदलाबदल ठेवली आहे. येताना कार्डांची पिशवी नाही आणली तरी चालेल, ‘हवी आहेत’ आणि ‘द्यायची आहेत’ या दोन याद्या कागदावर लिहून आणा. पाऊस असेल तर याच सभागृहात बसू.