मॅक्रोबायोटिक आहार: पायरीपायरीने

जपानच्या जॉर्ज ओहसावांनी हा आहार युरोप-अमेरिकेत पोचवला. निम्मं ताट अख्ख्या धान्याचं, बाकी हंगामी भाज्या नि कडधान्यं, मैदा-साखर टाळायची. पण उद्यापासूनच सगळं बदलू नका, एवढंच मी सांगेन. ओहसावांच्या सर्वांत कडक पायरीत नुसतं धान्यच असे. १९६५ साली अमेरिकेत ती पाळणारी एक तरुणी दगावली.

सुरुवात भातापासून करा. पाव भाग हातसडीचा तांदूळ रात्रभर भिजवून पांढऱ्या तांदळात मिसळा. पाणी थोडं जास्त घाला, नीट चावून खा. कोंडा एकदम वाढला की पोट फुगतं. पंधरा दिवसांत पोट कुरकुरलं नाही, तर निम्मा करा. मग मैदा-साखरेकडे वळा.

दूध-दही बंद करायची घाई नको. बी-१२ भाजीपाल्यातून मिळत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, साखर अचानक उतरू शकते. लहान मुलं नि गरोदर बायकांच्या ताटात तर प्रयोग नकोतच.

आपल्या इमारतीला लिफ्ट आहे. पोटाला मात्र जिनाच बरा.