पाण्याचा हक्क, पाण्यावरचा हक्क
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला नामे आणि क्रियापदे फारशी छळत नाहीत. छळतात ती टू, ऑफ, ओव्हर, इन, अगेन्स्ट ही चिमुकली प्रिपोझिशन्स. कोणत्या नामापुढे कोणते यायचे, असे विचारले की मास्तर सांगत, "तसंच म्हणतात." आणि आम्ही ते पाठ करत असू. आज मी त्यांतले एकच नाम घेऊन बोलणार आहे. ते म्हणजे 'राइट', आपल्या भाषेत हक्क. आणि ते समजून घेण्यासाठी आपण महाडला, चवदार तळ्यावर जाणार आहोत. कारण या एका नामाला कोणता शब्द जोडायचा, यावर तिथे नऊ वर्षांहून अधिक काळ खटला चालला.

आधी इंग्रजीकडे पाहू. 'राइट टू वॉटर' म्हटले की त्यातल्या 'टू'मध्ये एक दिशा आहे. माणूस पाण्याकडे निघाला आहे, त्याची वाट अडवू नका, असे तो 'टू' सांगतो. 'राइट ओव्हर वॉटर' म्हटले की माणूस पाण्याच्या वर जाऊन बसतो. तो मालक होतो, वाटप करतो, हवे तर नाही म्हणतो. 'राइट अगेन्स्ट' आला की माणूस कशाच्या तरी विरोधात उभा असतो. आपल्या राज्यघटनेत शोषणाविरुद्धचा हक्क आहे, तो असा. नाम तेच, पण शेजारचा शब्द बदलला की माणसाची उभे राहण्याची जागा बदलते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 28 जुलै 2010 रोजी पाण्याचा मानवी हक्क मान्य केला. तो 'टू'वाला हक्क आहे, 'ओव्हर'वाला नव्हे.

मराठीत ही वरात उलटी निघते. इंग्रजीत हक्क आधी आणि पाणी शेवटी. आपल्याकडे पाणी आधी, त्याला चिकटलेला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय, आणि मग हक्क. पाणी या शब्दाचे सामान्यरूप 'पाण्या' होते, आणि पुढे काय जोडायचे ते आपण ठरवतो. 'पाण्याचा हक्क' म्हणजे पाणी मिळण्याचा हक्क. 'पाण्यावरचा हक्क' म्हणजे मालकी. जमिनीवर हक्क सांगतात, वाड्यावर हक्क गाजवतात. तिथे 'वर' लागतो. माहितीचा अधिकार, शिक्षणाचा हक्क. इथे 'चा' लागतो. गंमत अशी, की 'राजाचा हक्क' आणि 'पाण्याचा हक्क' यांत प्रत्यय एकच आहे, पण राजा हक्क बजावणारा आहे आणि पाणी ही मिळवायची वस्तू आहे. हा फरक व्याकरण सांगत नाही. तो ऐकणाऱ्याने ओळखायचा असतो. ज्याला ओळखायचा नसतो, तो ओळखत नाही.

आता महाड. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा त्याचा आशय. त्यानुसार 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांसाठी खुले असल्याचा ठराव केला. 'सर्वांसाठी' हे शब्दयोगी अव्यय कागदावर आले. तळ्याच्या पायऱ्यांवर मात्र ते उतरले नाही. तीन वर्षे कोणाही अस्पृश्याला ते पाणी घेता आले नाही.

20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या लोकांसह तळ्यात उतरले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर लोकांवर हल्ला झाला, पुष्कळ जण जखमी झाले. पंचगव्याने तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. 12 डिसेंबर रोजी काही सवर्ण मंडळींनी महाडच्या कोर्टात दावा लावला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. त्यामुळे डिसेंबरच्या परिषदेला हजारो लोक जमले असूनही बाबासाहेबांनी त्यांना पाण्याला हात लावू दिला नाही. मिरवणूक निघाली, तळ्याभोवती फिरली आणि परत आली. मार्चमध्ये 'तळ्यात', डिसेंबरमध्ये 'तळ्याभोवती'. या दोन शब्दांमधले अंतर एका मनाईहुकुमाचे होते.

दाव्यात दोन्ही बाजूंच्या तोंडी हक्क हाच शब्द होता, हे लक्षात घ्या. वादींचे म्हणणे असे, की तळ्यावर आमचा हक्क आहे आणि तो आमच्यापुरताच आहे, कारण पूर्वापार वहिवाट तशी आहे. म्हणजे त्यांना पाणी मिळत नव्हते असे नाही. त्यांना दुसऱ्याला रोखण्याचा हक्क हवा होता. प्रतिवादी मागत होते तो तळ्यातून पाणी घेण्याचा हक्क. तळ्याची मालकी त्यांना नको होती. भांडण 'वर' आणि 'तून' यांचे होते. 1931 साली महाडच्या कोर्टाने आणि 1933 साली ठाण्याच्या अपिलाच्या कोर्टाने वादींच्या विरुद्ध निकाल दिला. एका वर्गाने पाणी वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्यावरून पहिल्याला दुसऱ्याला रोखण्याचा कायदेशीर हक्क मिळत नाही, हा त्याचा मथितार्थ. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध झाली नाही, असे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी म्हटले. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत जात, धर्म, लिंग आड येणार नाही, असे लिहिले गेले.

हक्क हा शब्द मूळचा अरबी. तो फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इतका मुरला, की हक्काचे घर, हक्काचा माणूस, हक्काची रजा असे आपण सहज बोलतो. कोणाचा 'हकनाक' बळी गेला, यातही तोच दडलेला आहे. अरबीत त्याचा अर्थ सत्य असाही होतो. आमच्या घरात वडीलधारी माणसे म्हणत, "माझ्या हकात दुवा कर." इथे 'हकात' म्हणजे माझ्यासाठी, माझ्या भल्यासाठी. पण मला या शब्दाचे अरबी व्याकरण सर्वांत मोलाचे वाटते. तिथे हक्काबरोबर 'लि' आला तर तो माझा हक्क, मला मिळायचे ते. 'अला' आला, तर तेच नाम उलटते आणि माझ्यावरचे देणे होते. 'अला' म्हणजे 'वर'. आपण 'वर' पाण्याला लावतो, तेव्हा मालकी होते. तोच 'वर' माणसाला लावला, की कर्तव्य होते.

महाडच्या संदर्भात हे मला माझ्या समाजापुरतेही महत्त्वाचे वाटते. चवदार तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता. गुरांनाही नव्हता. बाबासाहेबांनी हे स्पष्टपणे दाखवून दिले होते. म्हणजे आमच्याकडे पाण्याचा हक्क न मागता आलेला होता. आमच्या वाट्याला 'लि' होता. मार्चमध्ये मार खाणाऱ्या काही लोकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला, आणि डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. 'अला' म्हणजे काय, हे त्यांना कोणी व्याकरणातून शिकवले नसेल. पण ज्याला पाणी आपोआप मिळते, त्याच्यावर तहानलेल्याचे देणे असते, हे त्यांनी जाणले. सगळ्यांनीच जाणले असते, तर कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

आजही पाण्यावरून भांडणे होतात. धरणाच्या वरचे आणि खालचे, टँकरवाले आणि रांगेतले, उंच इमारती आणि त्यांच्या मागची वस्ती, सगळेच हक्काची भाषा बोलतात. अशा वेळी हक्क हा शब्द ऐकून लगेच मान डोलवू नये. त्याच्या आधी 'चा' आहे की 'वर', ते ऐकावे. बोलणारा स्वतःसाठी पाणी मागतो आहे, की दुसऱ्याचे तोडण्याची सोय करतो आहे, हे तेवढ्यावरून कळते.

जाता जाता शेवटचा शब्द, चवदार. मराठी 'चव' आणि फारसी 'दार'. हक्कदार या शब्दातही तोच 'दार' आहे. दर 20 मार्चला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसे या तळ्याकाठी येतात. त्यांना हे व्याकरण कोणी समजावून सांगावे लागत नाही. ती ते जगलेल्यांची नातवंडे-पणतवंडे आहेत.