कान आणि तोल



मी सॉफ्टवेअरवाली, डॉक्टर नाही. तरी आज कानाबद्दल बोलणार आहे, कारण आपलं तेरखेडा फटाक्यांचं गाव. इथल्या कितीतरी घरांची चूल या धंद्यावर पेटते आणि आवाजाची सवय आपल्याला लहानपणापासून असते.

कान फक्त ऐकायला असतो, असं आपण समजतो. पण आतल्या कानात दोन शेजारी राहतात. एक शंखासारखी वळलेली नळी, ती ऐकते. तिला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन छोट्या पिशव्या. त्या तोल सांभाळतात. मान वळवली की नलिकांतलं पाणी हलतं. पिशव्यांतले चुन्याचे बारीक कण आपण वर-खाली, मागे-पुढे कसे हललो ते सांगतात. मोबाईल आडवा केला की चित्र आडवं होतं ना? तिथेही असाच एक सेन्सर असतो. या दोन शेजाऱ्यांचं पाणी एकमेकांना जोडलेलं, आणि मेंदूकडे जाणारी नसही एकच.

म्हणून एकाला धक्का बसला की दुसऱ्यालाही बसू शकतो. मोठ्या आवाजाने काहींना गरगरतं. इटलीच्या पिएत्रो तुलिओ यांनी १९२९ साली याचा अभ्यास मांडला, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. उलट, पंख्याची घरघर किंवा नळाची धार असा एका जागचा आवाज अंधारात आपण कुठे उभे आहोत ते सांगतो. ऐकू कमी आलं की हा आधार सुटतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना २०१२ साली दिसलं, की थोडंसं कमी ऐकू येणाऱ्यांमध्येही पडण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट होतं.

ऐकण्याच्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाजाच्या फटाक्याला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, ती उगीच नाही.

कारखान्यात असलेल्या मित्रांनो, माल फोडून बघताना कानात बोळे घाला, लांब उभे राहा. आणि सर, बाई, टीव्हीचा आवाज वाढवावा लागत असेल तर "वय झालं" म्हणून सोडू नका. चक्कर आली तर बीपीबरोबर कानही तपासून घ्या. तुम्ही आम्हाला आमच्या पायावर उभं केलंत. तुम्ही न पडता, ताठ उभे राहावंत, एवढंच मागणं.