मैदान राखा, खेळ वाढेल

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त हडपसर येथें भरलेल्या क्रीडासंमेलनांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या भाषणांत गत काळाचा गौरव करावा, अशी वहिवाट आहे. तें कार्य मजहून अधिकारी वक्त्यांनीं केलेंच आहे. मी आज एका लहानशा गोष्टीविषयीं बोलणार आहें, आणि ती म्हणजे ख्रिस्तमंदिरामागची आपली मोकळी जागा. तेथें सिमेंटचे ठोकळे बसवून मोटारींची सोय करावी, अशी सूचना समितीपुढें आली आहे. सूचना करणारे आपले हितचिंतकच आहेत. रविवारीं रस्त्यावरून चालत येतांना वृद्धांचे जे हाल होतात, ते मीही पाहतों. तरी निर्णय होण्यापूर्वीं माझें म्हणणें ऐकून घ्यावें, अशी विनंती आहे.

प्रथम माझाच दोष सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका धर्मग्रामांत सेवेस असतां अशीच सूचना आली, व मीं ती तत्काळ मान्य केली. चिखल गेला, जागा नीटनेटकी झाली, सर्वांनीं वाहवा केली. त्या पटांगणांत रोज सायंकाळीं वीस-पंचवीस मुलें खो-खो खेळत असत. ठोकळ्यांवर त्यांचे गुडघे फुटूं लागले, आणि महिन्याभरांत खेळ बंद पडला. मुलें कोठें गेलीं याची चौकशी मीं केली ती एका वर्षानें, युवकांच्या सभेस चारच जण आले तेव्हां! पांगलेलीं मुलें पुन्हां गोळा करणें मला साधलें नाहीं. तीच चूक येथें पुन्हां करावी असें मला वाटत नाहीं.

खो-खो हा आपल्या मातींतला खेळ, आणि त्याला नियमांची शिस्त लागली ती याच पुण्यांत. डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं या खेळाचे नियम बांधून दिले. पुढें शाळांनीं, तालमींनीं व गांवोगांवच्या मंडळांनीं तो वाढविला. राष्ट्रीय अजिंक्यपदाचे सामने प्रथम १९५९-६० सालीं विजयवाडा येथें झाले. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस पहिला विश्वचषक झाला, तेव्हां भारताच्या पुरुषांनीं व महिलांनीं, दोघांनींही, अंतिम सामन्यांत नेपाळला हरविलें. प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे त्या दोन संघांचे नायक महाराष्ट्राचेच. अशा मोठ्या स्पर्धा आज गादीवर होतात हें खरें. परंतु मूल पहिल्यानें धांवतें तें घराजवळच्या मातींत. ती मातीच नाहींशी झाली, तर गादीपर्यंत पोंचणार कोण?

आणि या खेळाला लागतें तरी काय? मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद. दोन टोकांस दोन गुळगुळीत लांकडी खांब, मध्यें आठ चौरस, आणि चुन्याच्या रेषा. आपली जागा मीं स्वतः दोरीनें मोजली. मैदान बसून भोंवतीं फिरण्यापुरती वाट उरते. तेथील खडे वेचले, बारीक मुरूम व माती पसरून रोलर फिरविला, पावसाचें पाणी निघून जाण्यास किंचित उतार दिला, आणि कोणीतरी सायंकाळीं पाणी शिंपडलें, कीं मैदान तयार झालें. पैसा थोडा, परंतु हात मात्र पुष्कळ लागतात. आणि हात आपणांजवळ आहेत.

दूरदेशींचें एक उदाहरण देतों. अमेरिकेंत तबकडी फेंकून खेळावयाचा एक गोल्फ आहे. खांबाभोंवतीं साखळ्या लोंबत असतात व खालीं टोपली असते. कमींत कमी फेकींत तबकडी तींत पाडावयाची. कॅलिफोर्नियांतील ओक ग्रोव्ह उद्यानांत एड हेड्रिक यांनीं १९७५ सालीं या खेळाचें पहिलें कायमचें मैदान आंखलें, आणि दुसऱ्याच वर्षीं खेळाडूंची संघटनाही उभी राहिली. आज अशीं मैदानें हजारोंनीं आहेत. पुष्कळ मैदानें गांवच्या सार्वजनिक बागांत असून तेथें खेळण्यास शुल्क पडत नाहीं. झुडपें तोडण्यास व वाटा साफ करण्यास खेळणारेच येतात. आधीं मैदान झालें, मग खेळाडू आले, आणि खेळाडूंनीं मैदान राखलें, असा हा क्रम आहे.

आपल्या ख्रिस्तसभेंतही हा धडा नवा नाहीं. संत जॉन बॉस्को यांनीं ट्यूरिन शहरांत गरीब मुलें गोळा केलीं, तेव्हां त्यांना जागेसाठीं दारोदार फिरावें लागलें. मुलांच्या धांवण्यानें गवत मुळासकट मरतें, म्हणून एका कुरणाच्या मालकांनींही त्यांस जाण्यास सांगितलें. अखेर १८४६ च्या पुनरुत्थान सणास वाल्दोक्को येथील एक पडवी व तिच्यालगतची मोकळी जागा त्यांस लाभली, आणि त्यांचें कार्य तेथें स्थिरावलें. त्या संतास जी जागा वणवण करून मिळाली, ती आपणांस आयतीच लाभलेली आहे.

हडपसरचे मळे आपल्यांतील वडीलधाऱ्यांनीं डोळ्यांनीं पाहिले आहेत. आतां सोलापूर रस्त्याच्या दोहों बाजूंस इमारती उठल्या. त्यांबद्दल तक्रार करण्यांत अर्थ नाहीं. आपणही त्याच इमारतींत राहतों. परंतु मोकळी जमीन एकदां झांकली, कीं ती पुन्हां उघडत नाहीं, हें ध्यानांत असूं द्या.

म्हणून माझी सूचना अशी. कुंपणालगत मोटारींची एकच रांग ठेवावी, आणि ती वृद्ध व अपंग यांच्यासाठीं असावी. इतरांच्या वाहनांकरितां रविवारपुरती जागा मिळावी म्हणून शेजारच्या शाळांकडे विनंती करण्यास मी स्वतः जाईन. उरलेल्या जागेंत मैदान करावें. पुढील चार शनिवार प्रत्येक वाडीनें एकेक दिवस श्रमदान द्यावें. मुलींच्या खेळाची वेळ निश्चित असावी, ती मुलांच्या सोयीनें बदलूं नये. आणि वस्तींतील कोणत्याही धर्माच्या मुलास फाटक उघडें असावें.

शेवटीं खेळांतलाच एक नियम सांगतों. बसलेल्या गड्यास, तो कितीही चपळ असला तरी, पाठीमागून 'खो' मिळाल्यावांचून उठतां येत नाहीं. आणि खो देणाऱ्यास त्याच्या जागीं बसावें लागतें. पन्नास वर्षें आपण धांवलों. आपलीं मुलें पाठ वळवून, कान टवकारून बसलीं आहेत. खो देण्याची पाळी आतां आपली आहे.

प्रभूचा आशीर्वाद आपणां सर्वांवर असो.