रविवारची होडी



१ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचा संप ज्या पुणतांब्यातून सुरू झाला, त्या गावात कामगार चळवळीतला माणूस बोलावयास उभा राहिला म्हणजे तो संपावरच बोलणार, असे आपण धरून चालला असाल. मी होडीवर बोलणार आहे. शाळा मी सातवीत सोडली. पुढचे शिक्षण पत्रके वाचून आणि लिहून झाले. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य शोधू नये.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. ही हकीकत मी तीस वर्षे सभांतून सांगत आलो. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका फिटरने मला भर सभेत विचारले, "भाऊ, ती सुटी तुम्ही कधी घेतली?" मला उत्तर देता येईना. त्यातून ही होडी निघाली.

पाच जणांनी वर्गणी काढली. संघटनेची सवय म्हणून वही घातली. लाकडी घ्यावी की फायबरची, यावर दोन बैठका झाल्या. आपली गोदावरी पावसाळ्यानंतर बंधाऱ्यांत फळ्या बसवल्या म्हणजे तुंबून राहते. उन्हाळ्यात जागोजाग नुसते डोह उरतात. लाकडी होडी कोरडी पडली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. म्हणून फायबरची, सपाट तळाची घेतली. अशा होडीला थोडे पाणी पुरते आणि गळ टाकून बसले असता ती फारशी डुलत नाही. वारा सुटला की मात्र वाळल्या पानासारखी वाहवत जाते.

आम्ही पगारवाढीच्या वाटाघाटींत मुरलेले लोक. दुकानदाराशी घासाघीस करून वल्ह्यांची जोडी फुकट पदरात पाडून घेतली. एक वल्हे दुसऱ्याहून वीतभर आखूड होते, हे पाण्यात गेल्यावर कळले. पहिला तासभर होडी गोल फिरत राहिली. काठावरून कोणी नमस्कार केला, म्हणून मी व्यासपीठाच्या सवयीने उभा राहिलो. उभ्या माणसाचा भार उंच जातो आणि होडी कलते. फिटर डब्यासकट पाण्यात गेला. पाणी छातीइतकेच होते आणि अंगात लाइफ जॅकेट होते, म्हणून हसण्यावारी गेले. चांगदेव महाराज वाघावर बसून ज्ञानेश्वरांच्या भेटीला गेले अशी कथा. त्यांच्या समाधीच्या गावात यांना होडीत बसता येईना, असे धुणे धुणाऱ्या बायका म्हणाल्या.

दुसऱ्या रविवारी मात्र हसू आले नाही. आम्ही नांगर टाकला तो एका म्हाताऱ्या भोईबाबांच्या जाळ्यावर. ओढून काढला, तेव्हा जाळ्याला चार हात भगदाड पडले होते. ते रागावले नाहीत. जाळे मांडीवर पसरून म्हणाले, "भाऊ, तुमचा रविवार झाला, पण माझा सगळा आठवडा गेला."

संध्याकाळी आम्ही पाच जण बसलो. एक जण म्हणाला, हा अपघात आहे, जाळ्यावर खुणेचे तरंग पुरेसे नव्हते. दुसरा म्हणाला, सुताचे पैसे देऊ, बुडालेल्या दिवसांचे कशाला? मी गप्प ऐकत होतो. यंत्रात बोट गेलेल्या माणसाविषयी टेबलापलीकडून मी हेच शब्द कितीदा ऐकले आहेत! त्या वेळी मला किती संताप येई! आणि आता बोलणारे आमचेच लोक. खरे सांगतो, खिशाकडे पाहिल्यावर मलाही ते म्हणणे क्षणभर पटले होते. फिटरनेच वही ओढली आणि सूत व आठ दिवसांची कमाई, दोन्ही मांडली.

पुढे भोईबाबांना विचारूनच आम्ही नांगर टाकू लागलो. आमच्याकडे फक्त गळ; जाळे नाही, मासा विकणे नाही, घाटाजवळ जाणे नाही. त्यांनीच शिकवले की मरळ पाणवनस्पतींच्या कडेला राहते, वाम चिखलात दडते, आणि रोहूला कणकेत पेंड मळून दिलेली गोळी चालते. चौथ्या रविवारी अर्ध्या किलोची मरळ लागली. ती पाच घरांत वाटताना जी पंचाईत झाली, ती सांगत बसत नाही.

होडी सध्या लिंबाखाली पालथी पडली आहे. भोईबाबांनी आम्हांला सारख्या मापाची नवी वल्ही करून दिली आणि मजुरी सांगितली. आमच्यातल्या एकाने लगेच घासाघीस सुरू केली, तेव्हा फिटरने खालून त्याच्या पायावर पाय दिला.