टर्बोचं वेड आणि ३४ मिलिमीटरचा नियम

(गेल्या वर्षी गणेशोत्सवात मंडळाच्या ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्याआधी एका काकूंनी बोन्सायवर आणि एका काकांनी होळकरांच्या नाण्यांवर इतकं छान सांगितलं की आता मोटारींबद्दल बोलायला संकोच वाटतो. मी डिप्लोमावाला मेकॅनिकल माणूस, राज्य सरकारच्या एका वर्कशॉपमध्ये नोकरीला. दिवसभर सरकारी जीप आणि डंपर बघतो, घरी येऊन पुन्हा गाड्याच बघतो. पण सौ.नी परवानगी दिली आहे, फक्त पंधरा मिनिटांची.

रॅली म्हणजे गोल ट्रॅकवरची शर्यत नव्हे. इथे गाड्या डोंगरातल्या, जंगलातल्या, बर्फातल्या बंद केलेल्या रस्त्यावर एकामागून एक सुटतात आणि घड्याळाशी झुंजतात. शेजारचा नॅव्हिगेटर पुढचं वळण वाचून सांगतो. मात्र एक टप्पा संपवून दुसऱ्या टप्प्याकडे जाताना हीच गाडी साध्या रस्त्यावरून, वाहतुकीचे सगळे नियम पाळून न्यावी लागते. चौकीवर एक मिनिट उशीर झाला तर १० सेकंदांचा दंड, पण एक मिनिट लवकर पोचलात तर पूर्ण १ मिनिटाचा! आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत लवकर येण्याबद्दल कुणालाच दंड होणार नाही, ही गोष्ट वेगळी. (हशा)

आता टर्बो. आजीच्या चुलीजवळची फुंकणी आठवा. फुंकलं की निखारा फुलतो. इंजिनाचंही तसंच आहे. एरवी वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र मिनिटाला लाखावर फेरे घेतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त, आणि इंधन जास्त म्हणजे ताकद जास्त. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग पाठीत रट्टा बसावा तशी गाडी सुटते. माझं प्रेम त्या क्षणावर आहे.

१९८१ साली ऑडी क्वाट्रो ही टर्बो आणि चारही चाकांना ताकद देणारी गाडी जागतिक रॅलीत उतरली आणि खेळ बदलला. १९८२ पासून ‘ग्रुप बी’ आला. अवघ्या २०० गाड्या बनवा आणि रॅलीत उतरा, असा सैल नियम. टर्बोचा दाब किती असावा, यावर बंधनच नाही. फक्त टर्बो असेल तर इंजिनाचं माप १.४ ने गुणायचं आणि त्या मापाप्रमाणे गाडीचं किमान वजन ठरायचं. प्यूजोनं काय केलं? २०५ टर्बो १६ चं इंजिन १,७७५ सीसीचं ठेवलं. गुणाकार करा, २,४८५ येतात. म्हणजे अडीच हजारांच्या आत, हलक्या गाड्यांच्या वर्गात! याला मी हुशारी म्हणतो. या गाडीनं १९८५ आणि १९८६ ची अजिंक्यपदं जिंकली.

पण ताकद माणसाच्या हाताबाहेर गेली. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालला एक गाडी प्रेक्षकांत घुसली, माणसं मेली. २ मे रोजी कॉर्सिका बेटावर हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा नॅव्हिगेटर सर्जिओ क्रेस्टो यांची लान्सिया दरीत पडून पेटली आणि दोघेही गेले. पुढच्या वर्षापासून ग्रुप बी बंद झाला आणि ५,००० गाड्या बनवण्याची अट असलेला, साध्या गाड्यांच्या जवळचा ‘ग्रुप ए’ मुख्य झाला. आमच्यासारखे शौकीन आजही त्या गाड्यांसाठी हळहळतात. मीही हळहळतो. पण तो नियम कुणाच्या खुर्चीतून नाही, चितेतून आला हे विसरता येत नाही.

पुढे टर्बोच्या तोंडाशी एक ठरावीक मापाची कडी बसवणं सक्तीचं झालं. तिला रिस्ट्रिक्टर म्हणतात. १९९५ साली तिचं छिद्र ३४ मिलिमीटर होतं. गंमत अशी की त्या अरुंद जागी हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला की इंजिनानं कितीही ओढलं तरी जास्त हवा आत येत नाही. एवढीशी कडी सगळ्यांची ताकद बांधून ठेवते.

त्याच वर्षी स्पेनच्या रॅलीत टोयोटाच्या सेलिकामध्ये एक करामत सापडली. टर्बो गाडीवर बसवला की कडी आतल्या आत सरकायची आणि बाजूनं जादा हवा जायची. तपासणीसाठी खोलला की सगळं जागच्या जागी! संघटनेचे अध्यक्ष मॅक्स मोस्ले यांनी त्या कारागिरीची तारीफ केली आणि टोयोटाचे सगळे गुण काढून घेऊन एक वर्षाची बंदीही घातली. प्यूजोनंही डोकं चालवलं, टोयोटानंही. फरक एवढाच की प्यूजोचा गुणाकार कागदावर कुणीही तपासू शकत होतं. टोयोटाची करामत लपवावी लागली.

हे मी का सांगतो? मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना मामांकडे एक टर्बो डिझेल गाडी होती. ती भाड्यानं जायची, घर तिच्यावर चालायचं. डिझेल पंपाच्या स्क्रूला कंपनीचं शिशाचं सील असतं. एका रविवारी मी ते तोडलं आणि स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं. गाडी अशी पळू लागली की मामा म्हणाले, “भाच्याचा हात लागला आणि गाडी सुधारली.” मी खरं सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटाच्या चढावर पिस्टन वितळला. गाडीत म्हाताऱ्या यात्रेकरू बाया होत्या, रात्र त्यांनी रस्त्याच्या कडेला काढली. मामांचा लग्नसराईचा सगळा हंगाम बुडाला.

सील कुणी तोडलं, हे मामांनी कधी विचारलं नाही. मीही कधी बोललो नाही. आज ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत. मामा, ते सील मी तोडलं होतं.

(इथे मामांनी बसल्या जागेवरूनच “मला तेव्हाच कळलं होतं रे” असं म्हटल्यानं सभागृहात टाळ्या झाल्या. — संपादक)

आता नवी पिढी मला विचारते, “काका, लॅपटॉप लावून गाडीची ताकद वाढवून घेऊ का?” त्यांना मी एवढंच सांगतो: आधी गॅरंटीचे कागद वाचा, ब्रेक आणि टायर तपासा, आणि जे करणार आहात ते वडिलांना सांगून करा. सांगायची हिंमत होत नसेल तर ते काम करू नका. टर्बोवर जरूर प्रेम करा, पण कडी जागेवर राहू द्या.

सौ. घड्याळ दाखवते आहे. उशिराचा दंड नको, म्हणून थांबतो. गणपती बाप्पा मोरया!