दर्या आणि दऱ्या : संगणकाच्या पडद्यावरील मराठी अक्षर
(व्याख्यानाचा मजकूर)



सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या पश्चिमेस दर्या आहे आणि पूर्वेस सह्याद्रीच्या दऱ्या आहेत. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झालेला हा चिंचोळा जिल्हा या दोहोंच्या मध्ये वसलेला आहे. मालवणच्या बंदरावरील खलाशाला दर्या कोणता आणि दऱ्या कोणत्या, हे सांगावे लागत नाही. कागदावर मात्र या दोन शब्दांत केवळ एका लहानशा रेघेचे अंतर आहे. ‘दर्या’ या शब्दात ‘र’चा रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, ‘दऱ्या’ या शब्दात तोच ‘र’ आडव्या चंद्रकोरीसारखा ‘य’च्या डाव्या अंगाला बिलगतो. ही रेघ मराठीच्या शुद्धलेखनाचा अविभाज्य भाग आहे. उत्सवात आचाऱ्यांना दिलेले मानधन हिशेबाच्या वहीत ‘आचार्यांना’ दिले असे उमटले, तर हसू येईल. परंतु लेखापरीक्षणाच्या वेळी ते हसण्यावारी नेता येणार नाही.

आज ग्रामपंचायतीचे दाखले, शाळेचे निकालपत्रक आणि तलाठी कार्यालयातील उतारे संगणकावर तयार होतात. त्यामुळे पूर्वी कारकुनाच्या बोरूत आणि पुढे छापखान्यातील खिळ्यांत असलेले अक्षराचे वळण आता संगणकाच्या फाँटमध्ये आले आहे. पडद्यावरील फाँट निवडणे हा हौसेचा व सजावटीचा विषय आहे, अशी अनेकांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे.

रूप वेगळे, संकेतांक वेगळा

संगणक अक्षर ओळखत नाही; तो अंक ओळखतो. जगातील बहुतेक लिप्यांना एकाच पद्धतीने क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीसाठी १२८ घरांचा खंड राखलेला आहे आणि ‘क’ या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे. संगणकाच्या स्मृतीत साठतो तो हा क्रमांक. तो क्रमांक पडद्यावर कोणत्या आकृतीने दाखवायचा, हे ठरवतो तो फाँट. फाँट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो, केवळ त्याचा पोशाख बदलतो.

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी परिस्थिती निराळी होती. त्या काळच्या अनेक फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या घरांतच देवनागरीची चित्रे भरलेली असत. कृतिदेव या फाँटमध्ये ‘क’चे चित्र रोमन ‘डी’च्या घरात असते. कारकून पडद्यावर ‘क’ पाहतो, संगणक मात्र ‘डी’ साठवतो. तो फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर ही धारिका उघडली, की गावाच्या नावाच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. पोशाख उतरवताच माणूसही नाहीसा व्हावा, असा हा प्रकार होय.

कोकणाला या संकटाची जुनी ओळख आहे. सावंतवाडी संस्थानच्या काळातील कागदपत्रे आणि गावोगावचे जुने दस्तऐवज मोडीत आहेत. विसाव्या शतकात मोडी शाळेतून व कचेरीतून क्रमाने नाहीशी झाली आणि घरातील पेटीत ठेवलेला आजोबांचा कागद नातवाला वाचता येईनासा झाला. कागद टिकला, शाई टिकली. वाचणारा मात्र उरला नाही. मोडीच्या लोपाला काही पिढ्या लागल्या. फाँटच्या बाबतीत तोच अनुभव संगणक बदलताच, एका दिवसात येऊ शकतो.

शेतकऱ्यांची यादी

चंद्रकोरी ‘र’चा प्रश्न फाँटचा नाही, तो क्रमांकाचा आहे. युनिकोडमध्ये नेहमीचा ‘र’ आणि खाली टिंब असलेला ‘ऱ’ अशी दोन स्वतंत्र घरे आहेत. ‘र’, हलन्त आणि ‘य’ अशा कळा दाबल्यास रफार येतो. ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ अशा दाबल्यास चंद्रकोर उमटते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर रोमन ‘जे’च्या कळीवर ‘र’ आहे आणि शिफ्टसह तीच कळ ‘ऱ’ देते. एवढी एक कळ माहीत नसल्यामुळे ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दाच्या जागी ‘शेतकर्यांचे’ आणि ‘खाऱ्या’ या शब्दाच्या जागी ‘खार्या’ असे लिहिले जाते.

ही केवळ शुद्धलेखनाची चूक नव्हे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने या किनाऱ्याला तडाखा दिला. अशा प्रसंगी पंचनामे होतात आणि याद्या तयार होतात. एका गावच्या कारकुनाने ‘वाऱ्यामुळे नुकसान’ असे नोंदवले आणि शेजारच्या गावच्या कारकुनाने ‘वार्यामुळे नुकसान’ असे नोंदवले, तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याला दोन्हींचा अर्थ कळेल. संगणकाला मात्र हे दोन वेगळे शब्द वाटतील आणि शोध घेताना यादीचा एक भाग निसटू शकेल. खाजण जमिनीत शिरलेल्या खाऱ्या पाण्याची नोंद असो, की आडनावात चंद्रकोरी ‘र’ असलेल्या खातेदाराचे नाव असो, न्याय त्या एका कळीवर अवलंबून राहतो. मालवणी बोलीतील ‘ऱ्हवणे’सारखे शब्द शाळेच्या हस्तलिखितात उतरवणाऱ्या शिक्षकांनाही हीच कळ उपयोगी पडते.

मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’

‘ल’ आणि ‘श’ यांची गोष्ट याच्या उलट आहे. मराठी वळणाच्या ‘ल’च्या दोन पाकळ्या वरून उतरणाऱ्या देठाला धरलेल्या असतात, हिंदी वळणाचा ‘ल’ उजवीकडील उभ्या दंडाला टेकलेला असतो. ‘श’चीही अशीच दोन वळणे आहेत. दोन्ही वळणांचा क्रमांक मात्र एकच आहे. म्हणून येथे शोध चुकत नाही, नोंद हरवत नाही. प्रश्न उरतो तो फाँटच्या निवडीचा.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण केले आणि १० नोव्हेंबर २०२२ रोजी त्याची सुधारित आवृत्ती काढली. पहिलीच्या वर्गातील मुलाने पाठ्यपुस्तकात एक ‘ल’ गिरवावा आणि शाळेच्या सूचनाफलकावरील संगणकीय पत्रकात दुसराच ‘ल’ पाहावा, हे योग्य नव्हे. विंडोज संगणकांबरोबर दीर्घकाळ आलेला ‘मंगल’ हा फाँट सुलेखनकार व कवी र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी रेखाटला. देवनागरी पडद्यावर रुळवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. परंतु त्यातील ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाचे आहेत. आज विनामूल्य मिळणाऱ्या फाँटमध्ये ‘टिरो देवनागरी मराठी’ हा खास मराठी वळणासाठी केलेला आहे. ‘नोटो’सारख्या फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली, की मराठी वळण दिसते. यास्तव मजकुराची भाषा योग्य निवडणे, ही बाबही फाँट निवडण्याइतकीच महत्त्वाची आहे.

कार्यालयात काय करता येईल

पहिली गोष्ट आकाराची. देवनागरीत शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा व अनुस्वार आणि खाली उकार येतात. रोमन लिपीच्या मापाने ठरवलेल्या बारीक आकारात ही चिन्हे एकमेकांत मिसळतात. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत खिडकीच्या शीर्षकाचा व यादीचा फाँटही सहज बदलता येत असे. पुढे ती सोय आखडली. तथापि विंडोज १० व ११ मध्ये सेटिंग्जमधील एका सरकपट्टीने पडद्यावरील अक्षरे १०० टक्क्यांपासून २२५ टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात. चष्मा लागलेल्या कर्मचाऱ्याने डोळ्यांना ताण देत बसण्यापेक्षा ही पट्टी सरकवावी. त्यासाठी पत्राचा फाँट मोठा करण्याचे कारण नाही, कारण तसे केल्यास छापील कागदही बदलतो.

दुसरी गोष्ट लेखनाच्या आज्ञावलीची. लिब्रेऑफिस व वर्ड यांत रोमन लिपीचा फाँट वेगळा आणि देवनागरीसारख्या संयुक्त लिप्यांचा फाँट वेगळा नेमावा लागतो. फाँटचे नाव बदलूनही मराठी अक्षर बदलत नाही, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. तिचे कारण बहुधा हेच असते. एकदा दोन्ही फाँट नेमून ठेवले, की प्रत्येक नव्या पत्रात तेच उमटतात.

तिसरी गोष्ट परीक्षेची. मासळी घेताना कल्ला उघडून पाहतात, तसा नवा फाँट घेताना एक ओळ लिहून पाहावी : दर्या, दऱ्या, ल, श, क्ष, ज्ञ, ॲ आणि १ ते ९ हे अंक. यांपैकी ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र घर २००८ साली मिळाले, त्यामुळे जुन्या फाँटमध्ये त्या जागी रिकामा चौकोन दिसू शकतो. ही ओळ मोठ्या व बारीक, दोन्ही आकारांत आणि छापील कागदावरही स्वच्छ उतरली, तरच तो फाँट कार्यालयात आणावा.

चौथी गोष्ट जुन्या धारिकांची. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके उपलब्ध आहेत. परंतु त्यांच्या हातून जोडाक्षरे व रफार इकडेतिकडे होतात. म्हणून मूळ धारिका आणि तिचा फाँट जपून ठेवावा, रूपांतर करावे आणि नावे व रकमा दोन माणसांनी समोरासमोर वाचून ताडून घ्याव्यात. हे काम जुना संगणक चालू आहे तोवरच सोपे असते. येथे किनाऱ्यावरील खारी दमट हवा लोखंडाला सोडत नाही. यंत्रालाही ती सोडणार नाही.

तात्पर्य एवढेच, की अक्षराचे रूप ज्याच्या त्याच्या आवडीनुसार व डोळ्यांनुसार खुशाल बदलावे. त्यामागील क्रमांक मात्र सर्वांनी एकच ठेवावा. सरपंच बदलतात, शिक्षकांच्या बदल्या होतात, संगणक मोडीत निघतात. पन्नास वर्षांनी एखादी नात आपल्या आजीच्या नावाचा दाखला शोधू लागेल, तेव्हा तो तिला मिळेल की नाही, हे आजच्या कारकुनाच्या कळफलकावर ठरत आहे. तो मिळावा, याची व्यवस्था करणे आज शक्य आहे आणि तिला विशेष खर्चही येत नाही.